काळ्या सुताच्या कांड्या

३ मार्च, मंगळवार

थोरला फोनवर म्हणाला, "बाबा, रोजचं लिहून ठेवत जा. डोकं ताजं राहतं." डोकं ताजं राहतं म्हणजे काय, ते मला कळतं. म्हातारा किती विसरतो ते त्याला बघायचंय. म्हणून लिहितोय. वही नवी आणली नाही. गिरणीतून निवृत्त झालो तेव्हा रंगखात्याची एक कोरी नोंदवही बरोबर आणली होती, तीच काढली. प्रत्येक पानावर डावीकडे 'छटा क्रमांक' असा रकाना छापलेला आहे. त्यात तारीख घालतो.

शाळा सहावीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. रंगात मात्र कधी झाली नाही. एकतीस वर्षं छटा जुळवायचं काम केलं. साहेब दोन चिंध्या पुढे टाकून विचारायचे, एकच ना? मी म्हणायचो, नाही, उजवीकडची एक बुडी जास्त खाल्लेली आहे. आणि तसंच निघायचं.

आज धाकटीचं मोठं रेशीम फुकट गेलं. ती रेशमावर चित्रं काढते. अडीच मीटर कापड चौकटीवर ताणलेलं, आठ दिवसांचं काम. रेशमावर आधी डिंकाची रेघ ओढतात. आत रंग सोडला की तो रेघेपर्यंत पळतो आणि थांबतो. रेघ अखंड हवी. डाव्या कडेला बोटभर फट राहिली होती, तिथून आभाळाचा निळा घराच्या भिंतीत शिरला. मला दारातून दिसलं. मी ओरडलो, "अगं, पळाला!"

तर ती उजवीकडे बघत म्हणते, "कोण?"

मग कापड सोडवून गुंडाळून ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "आता मोठं नको, बाबा. लक्ष एका जागी राहत नाही." माझ्यामुळेच असणार. मी दारात उभा राहून खोकत असतो.

७ मार्च, शनिवार

मोठ्या चौकटी माळ्यावर गेल्या. छोट्या निघाल्या. आता ती चित्रं रंगवणार नाही, विणणार आहे. चित्रांच्या दालनवाल्या बाईंनी बारा विणलेली चित्रं मागितली आहेत. एका भिंतीवर बाराच्या बारा, पंधरा एप्रिलला. बाई त्याला टॅपेस्ट्री म्हणतात. धाकटी म्हणते, या वेळी नीट झालं तर पुढे रस्ता आहे, नाहीतर हात दुसऱ्या कामाला लावावे लागतील. बावीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही तिने.

बाराही चित्रं एकाच खिडकीची. कामाच्या खोलीतून समोर दिसतं तेवढंच: लोखंडी जिना, पाण्याची टाकी, आणि उजव्या कडेला समोरच्या घराचं पिवळं दार. भोवती काळी किनार.

मला काम मिळालं. कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे बोटाएवढी लाकडी काठी, तिच्यावर रेशमाचं सूत गुंडाळायचं. चौकटीवर उभे धागे ताणलेले असतात, त्यांच्या आत-बाहेर ती कांडी फिरवते, बोट पाण्यात बुडवून धागा बसवते आणि फणीने ठोकते. विणताना उलटी बाजू आपल्याकडे, सुलटी भिंतीकडे. धाग्यांची टोकं दाढीसारखी लोंबतात.

पहिल्या चित्राला काळ्याच्या दोन कांड्या लागल्या. चित्र माझ्या दोन पंजांएवढं. छान झालंय. पिवळं दार तर असं, की आता कुणीतरी उघडेल.

११ मार्च, बुधवार

तिसरं चित्र उतरलं. हे एका पंजाएवढंच. मी म्हटलं, "बाई नाराज होतील. बारा मागितली, ती काय रुमालाएवढी?" ती म्हणाली, "लहानच मागितलीत, बाबा. लहान कामात मला बरं पडतं. सगळं समोर असतं."

दुपारी स्टुलाला अडखळली. नडगीवर हे एवढं काळंनिळं. स्टूल मीच मध्ये ठेवलं होतं. ठेवलं होतं का? आठवत नाही, पण दुसरं कोण ठेवणार. थोरल्याला कळलं तर म्हणेल, बाबांनी चिमीला पाडलं. आता स्टूल, खुर्ची, सुताची पेटी सगळं भिंतीला लावलंय.

तिची आईही अशीच धडपडायची, शेवटची पाच-सहा वर्षं. दाराची चौकट हटकून खांद्याला लागायची. मी खेकसायचो, बघून चाल की! त्याचं आता वाईट वाटतं.

१४ मार्च, शनिवार

काळ्याच्या चार कांड्या. चित्र लहान होतंय आणि किनार जाड होतेय, हा काय हिशेब? पाचव्या चित्रात पिवळं दारच नाही.

"दार कुठं गेलं?"

"बसत नाही आता."

"किनार बारीक कर की. बसेल."

"किनार आहे तेवढीच आहे, बाबा," असं म्हणाली आणि ठोकायला लागली. फणीचा आवाज मोठा केला की समजायचं, आपण जावं.

मी खिडकीशी जाऊन बघून आलो. दार आहे जागच्या जागी.

२० मार्च, शुक्रवार

वाईट दिवस. लिहू नये असं वाटतं, पण लिहायचं ठरवलंय.

सातवं चित्र चौकटीवर आहे. चहा घेऊन गेलो तर काळ्या किनारीत दोन बोटं रुंद पट्टा गर्द तांबड्याचा. काळजी वाटली म्हणून विचारलं, "हे मुद्दाम का?" ती पुढे वाकली. चित्राला नाक लावून बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही कांड्या मिसळल्यात. काळ्याच्या खणात तांबड्या टाकल्यात."

मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, "मग कुणी टाकल्या?"

खरंच, घरात दोनच माणसं.

दोन तास ती धागे उसवत होती आणि मी स्वयंपाकघरात बसून होतो. एकतीस वर्षांत एकदाही नाही, आणि आता मुलीच्या कामात घाण केली. खण तीनदा पाहिले. आता सगळं बरोबर दिसतंय. पण बरोबर दिसतंय ते कुणाला? मलाच ना.

२१ मार्च, शनिवार

खालच्या शिंप्याकडे गेलो. खिशात पाच धागे नेले. त्याला उजेडात उभं केलं आणि म्हटलं, "मी सांगतो, तू तपास." काळा, गर्द निळा, गर्द तांबडा, बाटलीहिरवा, काळा. पाचही बरोबर निघाले.

शिंपी म्हणाला, "रंगारी, तुमचे डोळे माझ्या सुईपेक्षा तीक्ष्ण आहेत. कान गेलेत फक्त. काल दोनदा हाक मारली."

"मारली होतीस?"

"नाही. पण मारली असती तरी आला नसतात."

हसला मेला. पण त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या. त्याच्या साक्षीला काय अर्थ? आणि पाच धागे ओळखले म्हणजे दिवसभर ओळखतो असं थोडंच आहे. मध्येच जात असेल नजर. जाते तेव्हा कळत नसेल.

२६ मार्च, गुरुवार

परवा पुन्हा तसंच झालं, काळ्यात निळं निघालं. आज फोनवरचं ऐकलं. चोरून नाही, पाणी प्यायला आलो होतो. धाकटी थोरल्याला सांगत होती, "अरे, त्यांना आता रंग ओळखता येत नाहीत. हो. दोनदा झालं." मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. अकराला ये."

नंतर माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला. "दादा तुम्हाला थोडे दिवस न्यायचं म्हणतो. तिकडे आराम होईल."

थोडे दिवस म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्याच्या घरी सगळं पांढरं आहे. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, सुनेचा चहासुद्धा पांढरा. दोघं सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. तिथं मी काय करू? आणि इथं हिच्या कांड्या कोण भरणार?

अकरा एप्रिलपर्यंत एकही चूक व्हायला नको. मग म्हणता येईल, बघा, बरा झालो.

२९ मार्च, रविवार

उपाय सापडला. गिरणीत अंधाऱ्या कोठीत असंच करायचो. सुताच्या मोकळ्या टोकाला गाठी. काळ्याला एक, निळ्याला दोन, तांबड्याला तीन, पिवळ्याला चार. नजर गेली तरी बोट सांगेल.

धाकटीला दाखवलं. वाटलं होतं हसेल. तिने एक कांडी उचलली, डोळे मिटले, टोक चिमटीत फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली. "किती छान केलंत, बाबा," म्हणाली.

"माझ्यासाठी केलं," मी म्हटलं. "तुला त्रास नको."

"हो," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच."

२ एप्रिल, गुरुवार

चार दिवस एक चूक नाही. म्हणजे चूक माझीच होती हे सिद्ध झालं. आनंद मानावा की काय मानावं?

दालनवाल्या बाई आल्या होत्या. नऊ चित्रं बघितली. शेवटच्या चित्रात टाकी अर्धी राहिलीय आणि जिन्याच्या चार पायऱ्या, बाकी सगळं काळं. वाटलं आता बोलणी बसतील. पण बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "काय धाडस आहे! हा काळा कसा सुचतो हो तुम्हाला?"

धाकटी म्हणाली, "सुचत नाही. आहे तेच करते."

बाईंना ते फारच आवडलं. वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी खोलीत गेलो तर दिवा न लावता विणत बसलेली. मला चौकटसुद्धा नीट दिसेना. बटण दाबलं तर म्हणाली, "राहू दे. तुम्हाला हवा असेल तर ठेवा." फणी मात्र चुकत नव्हती.

७ एप्रिल, मंगळवार

सावकाश लिहितो.

काल मी न सांगता एक पिवळी कांडी भरली होती. वाटलं, खणात दिसली तर तिला दाराची आठवण होईल. बाराव्या चित्रात तरी दार येऊ दे. गाठी मारत होतो आणि फोन वाजला. थोरला. "पिशवी भरायला घ्या, बाबा." बोलणं झाल्यावर कांड्या तशाच खणात लावल्या.

आज चहा घेऊन गेलो. बाराव्या चित्राच्या काळ्या किनारीत पिवळ्या ओळी. सात. हळदीसारखा पिवळा, काळ्यात. ती शांतपणे सातवी ओळ ठोकत होती. कांडी तिच्या बोटांत होती, तोंडासमोर. मी धाग्याचं लोंबणारं टोक बघितलं. गाठ एकच होती.

तिने विचारलं, "बाबा, ठेवला का चहा? कुठे?"

कप तिच्या डाव्या हाताशी होता. वाफ निघत होती.

मी तो तिच्या हातात दिला. म्हटलं, "ती कांडी संपत आलीय, दुसरी घे," आणि गाठ तपासून काळी दिली. तिने पिवळी माझ्या हातावर ठेवली, न बघता.

हे मिसळलेल्या कांड्यांचं नाही. गर्द तांबडं आणि काळं कुणीही चुकेल. पिवळं कुणी चुकत नाही.

तिची आई बघून चालत होती. तिला दिसत नव्हतं.

८ एप्रिल, बुधवार

विचार करून डोकं दुखतं. बोललो तर बारा चित्रांचं काय? बाई म्हणतील, डोळे नसलेलीला आम्ही काम कसं देणार. न बोललो तर शनिवारी थोरला मला घेऊन जाणार आणि ही इथे एकटी, जिन्यावर, चुलीपाशी, कैचीपाशी. आणि ते पिवळं दालनात सगळ्यांसमोर दिसणार. कुणीतरी विचारणारच. उत्तर तिच्याकडे नसणार.

मला विणता येत नाही, नाहीतर उसवून परत घातलं असतं. रंगवता येतं. ती दुपारी झोपली तेव्हा माळ्यावरून तिच्या रेशीमरंगांचा डबा काढला. सर्वांत बारीक कुंचला. काळा रंग. सात ओळी, एकेक धागा धरून. रेशमाने रंग लगेच पिऊन घेतला, आरपार. पलीकडून आरसा लावून पाहिलं. मिळालाय. माझ्यासारख्याला फरक कळेल, बाकी कुणाला नाही.

एकच भीती. हा रंग वाफ दिल्याशिवाय पक्का होत नाही. चौकट वाफेच्या डब्यात मावत नाही. वाफ न दिलेला रंग म्हणजे घरात आलेला पाहुणा, पाणी दिसलं की उठला. किनार खालची, तिचं काम वर चाललंय. तिथे कशाला हात लावेल, असं म्हणून डबा जागेवर ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा कच्चा रंग दिला.

११ एप्रिल, शनिवार

थोरला सकाळी दहा वाजता आला. माझी पिशवी बघून म्हणाला, "बाबा, एवढीशी पिशवी? मला वाटलं नोंदवहीसकट गिरणी घेऊन येताय." तो चेष्टा करतो तेव्हा घाबरलेला असतो. लहानपणापासून.

धाकटी आत ओल्या बोटांनी शेवटची टोकं ओवत होती. हाक मारल्यावर बाहेर आली, भिंतीला हात लावत. थोरला हसायला लागला.

"चिमे, हे काय? कपाळाला काळं कुणी फासलं?"

"कुठे?"

तिने त्याच बोटांनी पुसलं. काळं गालावर आलं. परत पुसलं, नाकावर आलं. पाचही बोटं काळी झाली होती. थोरला हसत होता, मग हसायचा थांबला. तिने हात तोंडासमोर धरला होता, अगदी जवळ, आणि बोटं बघत होती, पण बोटांच्या थोडंसं बाजूला.

मग तिने बोटांचा वास घेतला. रंगाऱ्याची पोर.

"हा सुताचा रंग नाही. बाटलीतला आहे." आणि माझ्याकडे वळली. "बाबा, कोणता रंग आहे?"

थोरला म्हणाला, "कोणता म्हणजे? तुला दिसत..." आणि माझ्याकडे बघायला लागला.

"बाबा, सांगा."

"काळा."

"कशावर लावलात?"

"पिवळ्यावर. सात ओळी." आणि मी घाईने म्हटलं, "चूक माझी. गाठ चुकली. थोरल्या, ऐक, चूक माझीच आहे, मी येतो तुझ्याबरोबर, पिशवी भरलेली आहे."

"गाठ तुमची चुकली," धाकटी म्हणाली. "पण पिवळा मला दिसला नाही." भिंतीचं स्टूल हाताने शोधून ती बसली. "दादा, बाबांनी एकही कांडी मिसळली नाही. मीच चुकीच्या खणात हात घालत होते. पहिल्यांदा खरंच वाटलं, त्यांनी केलं. नंतर कळलं. तरी मी त्यांचं नाव पुढे केलं. चित्रं पुरी होईपर्यंत कुणाला कळायला नको होतं."

"कधीपासून?" थोरल्याने विचारलं.

"आईचे डोळे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मुलीत येऊ शकतं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. नळी बारीक होत चाललीय."

शेवटी तिच्या आईला दिसत नव्हतं, हे दोन्ही मुलांना माहीत होतं; मलाच तिने कळू दिलं नव्हतं. घरात एक मीच ओरडणारा होतो.

थोरला आत गेला. अकरा चित्रं आणून जेवणाच्या टेबलावर एका ओळीत लावली, आणि बारावी चौकट शेवटी. पहिल्यात जिना, टाकी, दार. पाचव्यात दार नाही. नवव्यात अर्धी टाकी. अकराव्यात नाण्याएवढा निळा तुकडा, बाकी काळं. मी प्रत्येक चित्राचे रंग पाहिले होते, धागा धागा. चित्रं ओळीत लावून एकदाही पाहिली नव्हती.

थोरला पाठ करून उभा होता. "तुला हे सगळं... हे तू विणत बसलीस?"

"दिसत होतं तोपर्यंत," ती म्हणाली.

१४ एप्रिल, मंगळवार

थोरला एकटाच परत गेला. पिशवी मी रिकामी केली. पुढच्या आठवड्यात तो तिला मोठ्या डॉक्टरकडे नेणार. जाताना मला म्हणाला, "लिहीत राहा." या वेळी तपासायला म्हणाला नाही.

ओल्या कापसाने बाराव्याची किनार टिपली. कच्चा रंग बराचसा निघाला. पिवळा आता स्वच्छ नाही, धुरकट आहे, पण आहे. ती म्हणाली, "तसाच राहू दे. दार कुठल्या बाजूला आलं?"

"खाली. डावीकडे."

"सुलट्या बाजूने उजवीकडे येईल," ती म्हणाली. हे मला सुचलं नव्हतं.

दुपारी बाई चित्रं घेऊन गेल्या. उद्या त्यांना काय सांगायचं ते ती ठरवेल. तिने तेरावी चौकट बांधायला घेतली आहे. कुणी मागितलेली नाही. मला विचारलं, "बाबा, खिडकीतून काय दिसतंय, सांगाल?" मी सांगत गेलो, ती बोटाने उभे धागे मोजत गेली. जिना सांगितला, टाकी सांगितली. दारापाशी एक बाई पाय पुसतेय, तेही सांगितलं.

मग कांड्या भरल्या. काळ्याच्या अकरा मागितल्या होत्या, अकरा भरल्या. पिवळ्याची एक, न मागता. गाठी चार. दोनदा मोजल्या.